प्रेक्षकसंख्या शून्य

बेसबॉलचा सामना संपला की त्याचा एक तक्ता तयार होतो. कोण किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला, कुणी किती धावा काढल्या, पिचरने म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने किती जणांना बाद केलं, हे सगळं त्यात हातभर जागेत मावतं. अगदी तळाशी दोन आकडे असतात. सामना किती वेळ चालला हा एक आणि प्रेक्षक किती आले हा दुसरा. हा दुसरा आकडा सहसा कुणी वाचत नाही. पण २९ एप्रिल २०१५ रोजी बाल्टिमोर शहरात झालेल्या सामन्याचा तो आकडा साऱ्या अमेरिकेनं वाचला. तिथं लिहिलं होतं, शून्य.

अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात असं त्यापूर्वी कधीच झालं नव्हतं. त्या शून्यापाशी आपण येणारच आहोत. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल. मी १९७१ सालापासून बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाचे सामने बघत आले आहे. खेळाडू आले आणि गेले, स्टेडियमसुद्धा बदललं. माझ्या मनात मात्र खेळाइतकीच घर करून राहिली ती बाकांवरची माणसं. शहराचं कसं काय चाललंय हे मैदानावर फारसं कळत नाही, ते बाकांवर कळतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन संघांना नऊ-नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, ती ओलांडून मूळ जागी परत आलं की एक धाव. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर होमरन, म्हणजे आपल्या षटकाराचा सख्खा चुलतभाऊ. हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. कसोटी सामना सणावारी येणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. बेसबॉल दूधवाल्यासारखा रोज दारात उभा. त्यामुळे त्याच्याशी माणसाचं नातंही रोजच्या सवयीचं होतं.

क्रिकेटशी त्याचं नातं आहेच. सामन्याचा तो तक्ता ज्यानं रूढ केला तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला. एकोणिसाव्या शतकात तो न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. पुढे तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटचं धावपत्रक डोळ्यांपुढे ठेवून त्यानं बेसबॉलची नोंद करण्याची पद्धत बसवली. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकत लहानाची मोठी झालेल्या माझ्यासारखीला हा खेळ परका वाटला नाही, याचं एक कारण हेही असावं.

मला तो शिकवला रेडिओनं. बाल्टिमोरच्या जुन्या वस्त्यांत लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं असतात आणि दाराशी पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या. या पायऱ्या घासून लख्ख ठेवणं ही तिथल्या बायकांची अभिमानाची गोष्ट. उन्हाळ्यात संध्याकाळी घरात उकडायचं, मग सगळे पायऱ्यांवर येऊन बसत. प्रत्येक दारात ट्रान्झिस्टर आणि त्यावर चक थॉम्पसन या निवेदकाचा भरदार आवाज. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी सामन्यातलं एक वाक्य चुकत नसे.

शेजारचे आजोबा स्पॅरोज पॉइंटच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला वहीत सामना टिपायला शिकवलं. पिचर एक, त्याच्या समोर चेंडू झेलणारा दोन, पहिल्या ठाण्यावरचा तीन, दुसऱ्याचा चार, तिसऱ्याचा पाच आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप सहा. सहा-चार-तीन असं लिहिलं की समजायचं, चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलला, दुसऱ्या ठाण्यावर फेकला, तिथून तो पहिल्यावर गेला आणि एका झटक्यात दोन गडी बाद झाले. ही लिपी आली आणि मला खेळ आला.

ओरिओल हे एका पाखराचं नाव. आपल्याकडच्या हळद्यालाही इंग्रजीत ओरिओलच म्हणतात. बाल्टिमोरचा ओरिओल वेगळ्या कुळातला, केशरी आणि काळा, मेरीलँड राज्याचा तो मानाचा पक्षी. संघ मूळचा सेंट लुइसचा. १९५४ साली तो बाल्टिमोरला आला आणि त्याला या पाखराचं नाव मिळालं. खेळायला जागा मिळाली ती तेहतिसाव्या रस्त्यावरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे स्टेडियम थेट वस्तीत होतं. बाकावर बसलं की कुंपणापलीकडे झाडं आणि लोकांची घरं दिसत. सामन्याला जाणारे लोक त्याच घरांसमोर गाड्या लावत आणि घरवाले अंगणात खुर्च्या टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारत.

१९७१ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तिथं गेले. दोन गोष्टींनी माझं लक्ष वेधलं. एक म्हणजे मैदानाच्या कडेला लावलेली टोमॅटोची रोपं. संघाचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर पंचांशी भांडण्यासाठी प्रसिद्ध, पण मैदानाची देखभाल करणाऱ्या पॅट सँटारोन यांच्याशी त्यांची पैज लागायची ती टोमॅटोवरून. दुसरी गोष्ट म्हणजे स्टेडियमच्या माथ्यावर फडकणारा एक झेंडा. त्यावर इंग्रजीत एकच शब्द होता, ‘इथे’. ८ मे १९६६ रोजी फ्रँक रॉबिन्सन यांनी मारलेला चेंडू त्या जागेवरून स्टेडियमच्या पार बाहेर गेला होता. खेळात असा चेंडू तिथून बाहेर मारणारे ते एकटेच ठरले.

या फ्रँक रॉबिन्सन यांची एक हकिगत सांगायला हवी. १९६६ च्या हंगामाआधी सिनसिनाटीच्या संघानं त्यांना बाल्टिमोरला देऊन टाकलं. रॉबिन्सन कृष्णवर्णीय. ते आणि त्यांच्या पत्नी राहायला जागा शोधू लागले, तेव्हा कातडीचा रंग कळताच घरमालक नकार देत. शेवटी संघाच्या मालकांना मध्ये पडावं लागलं. त्याच वर्षी रॉबिन्सन यांनी फलंदाजीची सरासरी, होमरन आणि काढून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला क्रमांक पटकावला आणि बाल्टिमोरनं पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज म्हणजे अमेरिकेतली अजिंक्यपदाची मालिका जिंकली. ज्या शहरात त्यांना घर मिळत नव्हतं, त्याच शहराच्या स्टेडियमवर त्यांच्या एका फटक्यासाठी झेंडा लागला. शेजारच्या आजोबांना तो झेंडा माहीत होता. घराची गोष्ट मला दुसऱ्या वस्तीतल्या एका कृष्णवर्णीय परिचारिकेनं सांगितली, ती त्याच स्टेडियमच्या बाकावर बसून. आजोबांच्या गल्लीत ती पाहुणी म्हणूनसुद्धा आली नसती.

म्हणून त्या बाकांचं मला अप्रूप. शहर विभागलेलं होतं. शाळा, वस्त्या, चर्च, सगळं गोऱ्यांचं आणि काळ्यांचं वेगळं. स्टेडियममध्ये ही दरी बुजली होती असं मी म्हणणार नाही. कृष्णवर्णीय प्रेक्षक गोऱ्यांच्या मानानं कमीच असत. पण शेजारच्या बाकावर कोण येईल हे तिकिटावरचा आकडा ठरवत असे, आणि तीन तास शेजारी बसून एकाच वहीत डोकावणाऱ्या दोन माणसांत काहीतरी बोलणं व्हायचंच.

गंमत अशी की संघ उत्तम खेळत होता तेव्हा बाकं रिकामी असत. १९६९, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ तीन वर्षं ओरिओल्स वर्ल्ड सीरिजपर्यंत गेले. १९७१ मध्ये त्यांच्या चार पिचरनी प्रत्येकी वीस किंवा त्याहून जास्त सामने जिंकून दिले. तिसऱ्या ठाण्यावर ब्रुक्स रॉबिन्सन उभे असत, त्यांच्या बाजूनं जमिनीवरून गेलेला चेंडू पलीकडे निसटणं कठीण. एवढं असून त्या सबंध वर्षात दहा लाखांच्या आसपासच प्रेक्षक आले.

गर्दी वाढली ती १९७९ मध्ये. त्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या ३४ क्रमांकाच्या विभागात बिल हेगी नावाचा एक टॅक्सीचालक उभा राहू लागला. दाढीवाला, गवती टोपी घातलेला. तो आपल्या अंगानं, हातपाय वाकवून, संघाच्या नावातलं एकेक अक्षर काढून दाखवी आणि सारं स्टेडियम ते अक्षर ओरडून म्हणे. संघानं त्याला पगारी नेमलं नव्हतं. हौशी माणूस, पण पन्नास हजारांच्या गर्दीला त्यानं एक आवाज दिला. त्या काळी रुजलेली आणखी एक प्रथा आजही चालू आहे. सामन्याआधी राष्ट्रगीत होतं, त्यात शेवटाकडे एक ‘ओ’ येतो. त्या ‘ओ’वर बाल्टिमोरकर सगळे मिळून गर्जना करतात, ओरिओल्सचं पहिलं अक्षर म्हणून. बाहेरच्यांना हे खटकतं. पण ते गीत लिहिलं गेलं ते १८१४ साली, ब्रिटिश आरमारानं बाल्टिमोरच्याच मॅकहेन्री किल्ल्यावर केलेला भडिमार पाहून. गाणं आमच्या गावचं आहे, एखादं अक्षर आमच्या आवडीनं म्हटलं तर काय बिघडलं, असा त्यांचा युक्तिवाद. त्या वर्षी वर्ल्ड सीरिजमध्ये पिट्सबर्गविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊनही ओरिओल्स हरले. तरी वर्षभरात सोळा लाखांवर लोक येऊन गेले होते.

अमेरिकेत संघ ही खासगी मालमत्ता असते, आणि मालकाला वाटलं तर तो संघ उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकतो. २८ मार्च १९८४ च्या रात्री बर्फ पडत असताना बाल्टिमोरच्या कोल्ट्स या फुटबॉल संघाचं सामान ट्रकमध्ये भरलं गेलं आणि सकाळपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. कोल्ट्सही मेमोरियल स्टेडियममध्येच खेळत. त्यानंतर बाल्टिमोरच्या माणसाला एकच धास्ती, आता ओरिओल्सही जाणार का? बंदरातली कामं कमी होत होती, पोलाद कारखान्यात कपात चालली होती, लोक शहर सोडून उपनगरांत जात होते. जाणाऱ्यांच्या यादीत आणखी एका नावाची भर कुणालाच नको होती.

आणि १९८८ चा हंगाम उजाडला. ओरिओल्स पहिला सामना १२-० असा हरले. मग दुसरा, तिसरा, असे सलग एकवीस सामने. सहा पराभवांनंतर व्यवस्थापकाला काढून फ्रँक रॉबिन्सन यांना त्या जागी आणलं, तरी पराभव थांबेनात. एकविसानंतर शिकागोत एक विजय मिळाला, पाठोपाठ आणखी दोन पराभव. एक विजय आणि तेवीस पराभव एवढी पुंजी घेऊन संघ २ मे रोजी घरी परतला. दिवस सोमवारचा. अशा संघाला बघायला कोण येईल? त्या रात्री ५०,४०२ लोक आले. मी त्यांतली एक. संघ मैदानात उतरला तेव्हा लोक उभे राहिले, जणू अजिंक्यपद जिंकून आलेत. त्याच रात्री राज्याचे गव्हर्नर विल्यम डोनाल्ड शेफर यांनी जाहीर केलं की संघ नव्या स्टेडियमचा दीर्घ मुदतीचा करार करतो आहे. ओरिओल्स त्या दिवशी ९-४ असे जिंकले. हंगामाअखेर त्यांचे १०७ पराभव झाले, पण त्या वर्षाचं नाव काढलं की बाल्टिमोरकर आधी ती रात्र सांगतो.

नवं स्टेडियम म्हणजे जुन्याचा शेवट. ६ ऑक्टोबर १९९१ रोजी मेमोरियल स्टेडियमवर शेवटचा सामना झाला. ओरिओल्स डेट्रॉइटकडून ७-१ असे हरले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सामना संपल्यावर संगीत सुरू झालं आणि कसलीही घोषणा न होता ब्रुक्स रॉबिन्सन जुन्या गणवेशात धावत तिसऱ्या ठाण्यावर जाऊन उभे राहिले. मग फ्रँक रॉबिन्सन आपल्या जागी. मग एकामागून एक जुने खेळाडू, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस पांढरे, प्रत्येक जण आपापल्या जागेवर. माझ्या वहीतले एकपासून नऊपर्यंतचे सगळे आकडे जिवंत होऊन मैदानात उभे होते. आजोबा त्याआधीच गेले होते. त्यांच्या पत्नी माझ्या शेजारी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वही मागून घेतली आणि मांडीवर ठेवून बसल्या.

कॅम्डेन यार्ड्स हे नवं स्टेडियम ६ एप्रिल १९९२ रोजी सुरू झालं. ते शहराच्या मध्यभागी, जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर आहे. रेल्वेचं विटांचं प्रचंड लांब गोदाम न पाडता मैदानाची एक बाजू म्हणून तसंच ठेवलं. प्रसिद्ध खेळाडू बेब रूथ १८९५ साली इथून हाकेच्या अंतरावर जन्मला आणि त्याच्या वडिलांचा गुत्ता ज्या जागी होता ती जागा आज मैदानाच्या आत आहे. बांधकामाचा बराच पैसा राज्य सरकारनं खास लॉटरी काढून उभा केला. स्टेडियम देखणं झालं आणि इतर शहरांनी त्याचं अनुकरण केलं. पहिल्याच वर्षी ३५ लाखांवर प्रेक्षक आले. पण माझ्या गल्लीतली माणसं तिथं कमी दिसू लागली. तिकीट महागलं होतं आणि पुढच्या रांगांत कंपन्यांच्या पाहुण्यांची वर्दळ होती. लॉटरीचं तिकीट घेणारा आणि सामन्याचं तिकीट घेणारा, हे एकच राहिले नव्हते.

ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंनी मालकांविरुद्ध संप केला. त्या वर्षी वर्ल्ड सीरिज झालीच नाही. कोट्यधीशांच्या या भांडणाला लोक विटले. १९९५ मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा अनेक गावांत बाकं ओस पडली. अशा वेळी बाल्टिमोरला एक आकडा मिळाला, २,१३१. लू गेरिगनं एकही दिवस न चुकता सलग २,१३० सामने खेळले होते आणि हा विक्रम १९३९ पासून अभंग होता. आमचा शॉर्टस्टॉप कॅल रिपकेन ३० मे १९८२ पासून रोज खेळत आला होता. ६ सप्टेंबर १९९५ च्या रात्री पाचवा डाव मधोमध आला, नियमानुसार सामना अधिकृत ठरला आणि गोदामाच्या भिंतीवर २,१३१ हा आकडा उलगडला. ४६,२७२ लोक बावीस मिनिटं टाळ्या वाजवत राहिले. खेळ थांबला. सोबत्यांनी रिपकेनला ढकलून मैदानात पाठवलं आणि त्यानं कुंपणाच्या कडेनं फेरी मारत लोकांचे हात हातात घेतले. लोक कशासाठी टाळ्या वाजवत होते? चमत्कारासाठी नव्हे. रोज वेळेवर कामावर हजर राहणाऱ्या माणसासाठी. गिरणी-कारखान्यांच्या शहराला त्याचं मोल कळत होतं.

आता २०१५. फ्रेडी ग्रे या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी अटक केली आणि पोलिसांच्या ताब्यात झालेल्या दुखापतींनी १९ एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. त्याची वस्ती कॅम्डेन यार्ड्सपासून काही मैलांवर, पडक्या घरांची आणि बेकारीची. शनिवारी, २५ तारखेला, निदर्शनं स्टेडियमपर्यंत आली. मी त्या संध्याकाळी आत होते. सामना संपत आला असताना फलकावर सूचना झळकली की पुढील सूचनेपर्यंत प्रेक्षकांनी आतच थांबावं. हजारो माणसं कुंपणाच्या आत, बाहेर दुसरी माणसं, मध्ये पोलीस. इतकी वर्षं त्या बाकांबद्दल मला जे वाटत आलं होतं, ते त्या अर्ध्या तासात तपासून पाहावं लागलं. सोमवारी अंत्यसंस्कारानंतर जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि दोन सामने पुढे ढकलले गेले. बुधवारचा सामना खेळवायचं ठरलं, पण प्रेक्षकांविना. पोलीस शहरात हवे होते, स्टेडियममध्ये नव्हे.

दुपारी दोन वाजता सामना सुरू झाला. कुंपणाच्या जाळीबाहेर थोडी मंडळी जमली होती, त्यांत मीही. ओरिओल्सनं पहिल्याच डावात धावांची रास लावली आणि पुढे ८-२ असा सामना जिंकला. आत टाळी नाही, शिट्टी नाही. एरवी गर्दीच्या आवाजात बुडून जाणारा बॅटचा टणत्कार रिकाम्या बाकांवर आपटून परत येत होता. सामन्याआधी कॅलेब जोसेफ हा खेळाडू रिकाम्या बाकांपुढे उभा राहून नसलेल्या प्रेक्षकांना सह्या देण्याचं नाटक करत होता. राष्ट्रगीत ध्वनिमुद्रित होतं. ‘ओ’ आला तेव्हा जाळीबाहेरून आम्ही जमेल तेवढं ओरडलो. माझ्या एका बाजूला पेनसिल्व्हेनियाहून आलेला एक गोरा मुलगा होता, दुसऱ्या बाजूला शहर बसचे एक कृष्णवर्णीय चालक. ते म्हणाले, ‘‘आत कुणी नाही हे आज सगळ्यांना दिसलं. आमच्या वस्तीत कुणी नाही, ते कधी दिसणार?’’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण तो प्रश्न विचारला गेला तो स्टेडियमच्या दारात, एका अनोळखी बाईला. पुढे २०२० मध्ये साथीमुळे सगळ्याच संघांचे नेहमीचे सामने प्रेक्षकांविना झाले आणि बाकांवर पुठ्ठ्याची माणसं बसवली गेली. तेव्हा सगळे एकाच कारणानं घरात होते. २०१५ चं शून्य वेगळं होतं. साथीमध्ये माणसं आजाराला भ्यायली होती. त्या बुधवारी एक शहर स्वतःलाच भ्यालं होतं.

प्रेक्षक नसले तरी धावा होतात, निकाल लागतो, तक्ता भरतो. आठ-दोन हा निकाल खराच आहे. पण सामना म्हणजे निकाल नव्हे. जी माणसं एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकत नाहीत, ती तीन तास एका बाकावर बसायला कबूल होतात, हा त्याचा खरा गाभा. शहराला संघ लागतो तो यासाठी. म्हणूनच तिकीट कुणाला परवडतं आणि कुंपणाबाहेर कोण राहतं, हे प्रश्न निकालाइतकेच खेळाचे आहेत.

मेमोरियल स्टेडियम २००१-०२ मध्ये पाडलं गेलं. तिथं आता वृद्धांसाठी घरं आहेत आणि मुलांसाठी एक मैदान आहे. शनिवारी तिथं आसपासच्या वस्त्यांतली पोरं खेळतात, आईबाप कडेला उभे राहतात. परवा गेले तेव्हा एका आजीच्या मांडीवर वही होती. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, तिथून दुसऱ्या ठाण्यावर आणि तिथून पहिल्यावर. तिनं पेन्सिलीनं लिहिलं, सहा-चार-तीन.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)